डोक्याला चौसष्ट तारा

अलार्म

रोह्याच्या आमच्या केमिकल कंपनीत, कंट्रोल रूममध्ये, अलार्म वाजत होता आणि मी त्याच्यासमोर नुसता बसून होतो. मला तो ऐकू येत होता. कुठल्या टाकीचं तापमान वाढलंय, कुणाला फोन करायचा, हे सगळं बावीस वर्षांच्या नोकरीत तोंडपाठ झालेलं. फक्त खुर्चीतून उठणं जमत नव्हतं.

आमचे शिफ्ट इनचार्ज चौधरीसाहेब धावत आले. त्यांनी बटण दाबलं, फोन केला, सगळं आवरलं. काही बिघडलं नाही. मग माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले.

"म्हात्रे, झोप लागली होती का?"

"नाही साहेब."

"मग?"

त्यांनी हाताला धरून मला उभं केलं आणि म्हणाले, "घरी जा. आणि घरी जाऊन बसू नका, डॉक्टरकडे जा."

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. प्रेशर गेज, तापमानाचे सेन्सर, फ्लो मीटर बरोबर दाखवतात की नाही हे तपासणं माझं काम. राहायला पेणला. कंपनीच्या बसने पेणहून रोह्याला जा-ये करायचो आणि बसमध्ये माझी ख्याती वेगळीच होती. मागच्या सीटवरून मी सगळ्या साहेबांच्या नकला करायचो. वडखळला गाड्यांची रांग लागली की पुढची मंडळी मागे वळून म्हणायची, "म्हात्रे, चालू करा."

त्या वर्षी गणपती गेले आणि माझ्या नकलाही गेल्या. कारण विचाराल तर सांगता येणार नाही. कुणी गेलं नव्हतं, कसलं संकट नव्हतं. मुलगी पुण्याला शिकत होती, छान चाललं होतं तिचं. तरी एकेक गोष्ट विझत गेली. आधी नकला, मग जेवणाची चव, मग झोप. लोकांनी बसमध्ये दोन-चार वेळा "चालू करा" म्हणून बघितलं आणि नंतर म्हणणं सोडलं.

मीटर नसलेला आजार

रक्त तपासलं, थायरॉइड तपासलं, ईसीजी काढला. सगळं नॉर्मल. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पेणमधल्याच एका मनोविकारतज्ज्ञ बाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. माझी बायको मंदा अंगणवाडीत शिकवते. तिने त्या दिवशी रजा टाकली.

त्या डॉक्टरबाईंनी मला एक कागद दिला. प्रश्न आणि पुढे चौकोन. गेले दोन आठवडे कितीदा उदास वाटलं, भूक कशी आहे, असलं सगळं. मी विचारलं, "यासाठी मशीन नाही का?"

"नाही," त्या हसून म्हणाल्या. "अजून तरी तुम्हालाच विचारावं लागतं."

मला ते मुळीच पटलं नाही. टाकीला विचारून तापमान लिहिणारा टेक्निशियन मी एका दिवसात कामावरून काढला असता. पण मुकाट्याने खुणा केल्या. जगणं नको वाटतं का, या प्रश्नापुढे मी 'कधीच नाही'वर खूण केली आणि कागद परत दिला.

त्यांनी कागद वाचला, पेन बाजूला ठेवलं आणि तोच प्रश्न तोंडी विचारला. इतक्या साधेपणाने विचारला की मी खरं बोलून गेलो. म्हटलं, "सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली."

"हे घरी माहीत आहे?"

"नाही."

"बाहेर बसल्या आहेत त्यांना आत बोलावू?"

मंदा आत आली. डॉक्टरांनी तिच्यासमोर आजाराचं नाव सांगितलं, डिप्रेशन, आणि मला ती गोष्ट तिला माझ्याच तोंडाने सांगायला लावली. मंदाने गोळ्यांची चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि रिक्षा बोलावली. घरी येऊन चहाचं आधण ठेवलं आणि पाठमोरीच म्हणाली, "माझ्याशेजारी झोपून हे तुम्ही रोज सकाळी एकटे सोसत होता?"

त्या दिवशी आम्ही दोघं पुष्कळ रडलो. चहा आटून गेला.

चौदा महिने

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या लागू पडल्या नाहीत. दुसऱ्यांनी झोप आली, बाकी काही नाही. तिसऱ्यांनी तोंड कोरडं पडलं. पुष्कळांना पहिल्याच गोळीने बरं वाटतं हे मी मुद्दाम सांगतो, नाहीतर माझी गोष्ट वाचून कुणी गोळ्याच घ्यायचा नाही. माझं नशीब जरा आडमुठं निघालं इतकंच.

घरात मात्र ताण वाढत होता. मंदा अंगणवाडी, घर आणि मी असं तिन्ही सांभाळायची. मी कुठे आहे हे बघायला बाथरूमच्या दारापर्यंत यायची आणि काहीतरी विसरल्यासारखं करून परत जायची. एकदा पानात वाढलेलं तसंच ठेवून उठलो तेव्हा तिचा बांध फुटला.

"आमटी खारट झालीय म्हणा! नावं ठेवा! भांडा तरी माझ्याशी! हे असं भिंतीसारखं बसणं सहन नाही होत मला."

तिचं बरोबर होतं आणि मला त्याचंही काही वाटत नव्हतं. या आजारात सर्वांत वाईट काय असेल तर हे.

माझी आई खाडीकडच्या आमच्या गावात राहते. जन्म मिठागरात गेला तिचा. ती दर आठवड्याला सुकटीची पुडी घेऊन यायची, माझ्यासमोर बसायची आणि सगळ्या गावाच्या बातम्या सांगायची. उत्तराची वाट न बघता. कंटाळायची नाही. जाताना फक्त म्हणायची, "बरा व्हशील रं तू." तिला डिप्रेशन म्हणजे काय ते कळलं नव्हतं, पण अशा माणसापाशी कसं बसायचं ते तिच्याकडून शिकावं.

मंदाचे प्रश्न

चौदाव्या महिन्यात पेणच्या डॉक्टर म्हणाल्या, "मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात अभ्यास चालू आहे. केटामाइन नावाचं औषध आहे. ऑपरेशनच्या वेळी भूल द्यायला वापरतात, तेच, पण बरंच कमी. गोळ्या लागू पडत नाहीत अशा काही जणांना त्याने बरं वाटतं. औषध शरीरात असताना मेंदूत काय बदलतं ते तिथे मोजतात."

मोजतात म्हटल्यावर मी मान वर केली. मंदाने ते पाहिलं.

आम्ही गेलो. अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर शलाका, तिशीच्या असतील, आम्हाला घेऊन बसल्या. त्यांनी समजावलं ते असं. काही औषधं माणसाचं जाणवणं, दिसणं, काळाचं भान तात्पुरतं बदलतात. त्यांना सायकेडेलिक म्हणतात. केटामाइन त्या घराण्यातलं अगदी सख्खं नाही, चुलत म्हणा. डोक्यावर तारांची टोपी घालून मेंदूतल्या विजेच्या लाटा आधी, मध्ये आणि नंतर टिपायच्या. दोन आठवड्यांत चार वेळा. बरं वाटेलच अशी हमी नाही. मध्येच नको वाटलं तर कधीही उठून जाता येईल.

संमतीचा फॉर्म मराठीत होता. मी सहीला पेन उघडलं, मंदाने ते काढून घेतलं. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट ठेवून वाचलं.

"ही नशा आहे का?"

"नशेसाठी लोक याचा गैरवापर करतात, हो. म्हणूनच आम्ही मोजून, हॉस्पिटलात, भूलतज्ज्ञ जवळ असतानाच देतो."

"सवय लागेल?"

"तो धोका असतो. म्हणून चारच वेळा, आणि पुढे लक्ष ठेवणार."

"त्यांचं बीपी वाढलं तर?"

"दर पाच मिनिटांनी बघणार. वाढलं तर थांबवणार."

"आणि मी कुठे असणार?"

डॉक्टर शलाका म्हणाल्या, "सहसा नातेवाईक बाहेर बसतात."

"मग नाय जमणार."

एरवी शुद्ध बोलणारी मंदा चिडली की अशी निडीला, आपल्या माहेरी, पोचते. शेवटी तिची खुर्ची पलंगाच्या पायथ्याशी ठेवायचं ठरलं, आवाज न करण्याच्या अटीवर. मग सही झाली.

आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "डोसकं मापनार तुजं? मापू दे. पन त्या बाईला सांग, जसं घेतलं तसं जाग्यावर ठेव म्हनावं."

सुतळी

पहिल्या डोसच्या आदल्या दिवशी भरती झालो. हॉस्पिटलचा दिवस फार लवकर सुरू होतो. सहाला थर्मामीटर, साडेसहाला चहा आणणाऱ्या मावशी, सातला झाडू. मावशी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायच्या, "साखर चालते ना?" आणि उत्तर येईपर्यंत घातलेली असायची.

टोपी घालायला रेश्मा नावाची तंत्रज्ञ मुलगी होती. पोहण्याच्या टोपीसारखी टोपी, तिला चौसष्ट भोकं, प्रत्येक भोकात एक तार. प्रत्येक तारेखाली केस बाजूला सारून थंडगार जेल घालायचं. अर्धा तास लागला. मंदा म्हणाली, "आमच्या अंगणवाडीतल्या पोरींच्या वेण्या घालायला अशी बाई पाहिजे."

कॉम्प्युटरचा पडदा सुरू झाला. चौसष्ट रेषा. पण सगळ्या जाड, केसाळ, सुतळीसारख्या. रेश्माने जेल पुन्हा घातलं. तेच. तारा तपासल्या. तेच. ती रडकुंडीला आली. डॉक्टर शलाका म्हणाल्या, "आज नाही जमलं तर पुढच्या आठवड्यावर ढकलू."

मी पडद्याकडे बघत होतो. ती सुतळी मी आयुष्यभर पाहिलेली. म्हटलं, "मॅडम, ही विजेच्या लाईनची गुणगुण आहे. पन्नास हर्ट्झ. अर्थिंग बघा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या.

"पंखा बंद करा," मी म्हटलं. केला. फरक नाही. "ट्यूब बंद करा." किंचित बारीक झाली. मी इकडेतिकडे पाहिलं. मी झोपलो होतो तो पलंग बटणावर वर-खाली होणारा, मोटारीचा. "या पलंगाचा प्लग भिंतीतून काढा."

रेश्माने खाली वाकून प्लग ओढला. चौसष्टच्या चौसष्ट रेषा अशा स्वच्छ झाल्या, पेन्सिलीने काढल्यासारख्या.

"अरे वा!" डॉक्टर शलाका ओरडल्याच. "आता डोळे मिटा, काका." मी मिटले. "उघडा. हे बघा, डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूला या शांत लाटा येतात. उघडले की जातात."

मी पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. चार-पाचदा केलं. गंमत वाटत होती. गंमत! तो शब्द मनात आला आणि मीच दचकलो. पायथ्याशी मंदा तोंडावर पदर धरून बसली होती. मला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"अहो, औषध तर अजून दिलंच नाही," ती म्हणाली. "घरी जायचं का?"

सगळे व्हॉल्व्ह

औषध हाताच्या शिरेतून, पंपाने, हळूहळू द्यायचं होतं. चाळीस मिनिटं. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग पंपाचा आवाज लांबला. हात बघितले तर ते माझेच होते पण फार दूर, पेणहून रोहा असावं तितके. मी कुठे संपतो आणि गादी कुठे सुरू होते ते कळेना.

इथे मला भीती वाटली, ते लपवत नाही. एका क्षणी मला माझं नाव आठवेना. मी काहीतरी धरायला गेलो असेन, कारण डॉक्टर शलाकांचा आवाज आला, "काका, औषधाचा परिणाम आहे. थोड्या वेळाने उतरेल. मी इथेच आहे, मंदाताई इथेच आहेत. धरून ठेवू नका काही."

मी सोडलं. मग पांढरंशुभ्र काहीतरी पसरत गेलं, चौकोनाला चौकोन लागून, आणि त्यावर उथळ पाणी. मिठागर. पण मी बांधावर उभा नव्हतो, मी ते पाणी होतो. सांगायला वेडगळ वाटतं. तेव्हा अगदी साधं वाटलं होतं, आणि इतकं शांत की इतके महिने माझ्या डोक्यात किती कटकट चालली होती ते मला ती थांबल्यावर कळलं.

हे माझ्या बाजूने. मंदाच्या बाजूने मी बराच वेळ डॉक्टरांच्या कोटाच्या बटणाकडे बघून हसत होतो, आणि मग अत्यंत गंभीरपणे, चौधरीसाहेबांच्या आवाजात, घोषणा केली, "सगळे व्हॉल्व्ह उघडे आहेत. कुणी घाबरू नये."

दीड वर्षातली माझी पहिली नक्कल ही. मला तिचा पत्ताच नाही. रेश्माच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या जागी खूण आहे. तिने शेरा लिहिला होता, 'पेशंट बोलला.'

उतरताना मळमळलं, डोकं जड झालं. तासाभराने डॉक्टर शलाकांनी पडदा दाखवला. डोळे मिटल्यावरच्या त्या शांत लाटा औषध चढल्यावर पार मोडल्या होत्या आणि बारीक, जलद लाटांची गर्दी झाली होती.

"यात मी बरा कुठे झालो?" मी विचारलं.

"हे माहीत नाही," त्या म्हणाल्या. "औषधाने काय हललं ते दिसतंय. बरं वाटण्याशी त्याचं नातं काय, ते एका माणसावरून कळत नाही. पुष्कळांचं जमवायचंय. तुम्हाला कसं वाटतंय ते तुम्हीच सांगायचं."

प्रामाणिक उत्तर होतं. मला ही बाई आवडली.

उपमा

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला उपमा आला. मी दोन घास खाल्ले आणि म्हटलं, "हा काय उपमा आहे? मीठ नाही, मोहरी करपलीय, आणि रवा भाजलाच नाही कुणी."

मंदा ताडकन उभीच राहिली. वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मावशी! ह्यांनी नावं ठेवली! उपम्याला नावं ठेवली!"

मावशींना वाटलं भांडण झालं. त्या धावत आल्या. मंदाने त्यांना मिठीच मारली. आईला फोन लावला तर आई म्हणाली, "मीठ नाय? थांब, मी पाठवतंय."

यानंतर सगळं सुरळीत झालं असं लिहायला मला आवडलं असतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळेच्या मधे दोन दिवस पुन्हा तीच ओली गोधडी अंगावर पडली. मला वाटलं गेलं सगळं. मंदा तेव्हा फक्त एवढंच म्हणाली, "पुन्हा येऊ शकतं तर पुन्हा जाऊही शकतं." चौथ्या वेळेनंतर महिनाभर चांगला गेला. मग गोळ्या बदलल्या, त्या या खेपेला लागू पडल्या. दर आठवड्याला समुपदेशन सुरू केलं. त्यातलं नेमकं कशाने किती बरं झालं ते मी मोजू शकत नाही, आणि मोजणं हेच ज्याचं पोट आहे त्याने हे कबूल करणं सोपं नाही.

हे वाचणाऱ्यांत कुणी माझ्यासारखा असेल त्याला दोनच गोष्टी. हे औषध बाहेरून, कुणा ओळखीच्याकडून, स्वतःच्या मनाने घेऊ नका. माझ्या उशाशी भूलतज्ज्ञ होता, बीपीचं यंत्र होतं आणि पायथ्याशी मंदा होती. आणि जाग आल्यावर कशाला आली असं वाटत असेल, तर ते आज सांगा. घरात सांगा, डॉक्टरला सांगा. मी उगाच चार महिने एकट्याने काढले.

मी कामावर परत गेलो. पहिल्या दिवशी बस वडखळला अडकली. कुणी "चालू करा" म्हणालं नाही, सगळे सांभाळून होते. मग मीच उठून सांगितलं की मला डिप्रेशन होतं, डोक्याला चौसष्ट तारा लावल्या होत्या, आणि त्यात मी चौधरीसाहेबांच्या आवाजात बोललो. साहेब पुढच्या सीटवरच होते. न वळता म्हणाले, "बोलून दाखवा." बोलून दाखवलं. नागोठण्यापर्यंत बस हसत होती.

मंदाची पाळी

सहा महिन्यांनी तपासणीला बोलावलं. माझी टोपी झाली, कागदावरचे प्रश्न झाले. मग डॉक्टर शलाका म्हणाल्या, "तुलनेसाठी आम्हाला निरोगी माणसंही लागतात. औषध काही नाही. नुसती टोपी घालून दहा मिनिटं डोळे मिटायचे, दहा मिनिटं उघडे ठेवायचे. मंदाताई, तुम्ही याल?"

"मी?" मंदा म्हणाली. "माझ्यात काय बघायचंय?"

"निरोगी आहात ना?"

"मला कुणी विचारलंच नाही इतक्यात," ती म्हणाली आणि फॉर्म वाचायला बसली. सगळा वाचला.

तिची वेणी सोडली. जेल लागलं तशी ती शहारली. मी तिच्या पायथ्याच्या खुर्चीवर बसलो, आवाज न करण्याच्या अटीवर. रेश्मा म्हणाली, "डोळे मिटा, पण झोपायचं नाही हं, ताई."

मंदाने डोळे मिटले. पडद्यावर त्या शांत लाटा आल्या, माझ्यापेक्षा कितीतरी देखण्या. तीन मिनिटं झाली. मग लाटा विरळ झाल्या, मोठ्या झाल्या, संथ झाल्या. मंदाचं तोंड किंचित उघडलं.

"झोपल्या," रेश्मा कुजबुजली. "उठवते. रेकॉर्डिंग वाया जाईल." आणि ती पुढे वाकली.

"थांब," मी म्हटलं.

सव्वा वर्ष ही बाई बाथरूमच्या दारापर्यंत येत होती. बाहेर बसत होती, प्रश्न विचारत होती, भांडत होती, फॉर्म वाचत होती. या सगळ्यात तिला कसं वाटतंय याचा कागद कुणी पुढे केला नव्हता. मीही नाही.

डॉक्टर शलाकांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग त्यांनी खिडकीचा पडदा ओढला आणि रेश्माला म्हणाल्या, "पुढचा पेशंट किती वाजता आहे?"

"साडेतीनला."

"मग झोपू दे. नंतर पुन्हा घेऊ."

पावणेदोन वाजले होते. मी चपला काढल्या आणि खुर्चीत नीट टेकून बसलो.